लाल कडेची कार्डं

“मॅडम, हा नंबर यादीत नाही म्हणतंय मशीन.”

तोडणकरबाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत त्या कधी यायच्या नाहीत, आणि ‘या’ म्हणायची मला सवय नव्हती. त्यांच्या एका हातात पंच केलेलं कार्ड होतं, दुसऱ्या हातात मशीनने छापून दिलेली कागदाची पट्टी. गुरुवार होता. दुपारचा एक वाजला होता. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून पाहुणे येणार होते आणि माझी तयारी अर्धीच झाली होती.

“नाही म्हणतंय म्हणजे नाही,” मी मान वर न करता म्हणाले.

“पण मला ओळखीचा वाटतोय हो. चार एक सात शून्य नऊ तीन. याचं कार्ड मी लाल केलं होतं असं वाटतंय. श्रावणात कधीतरी.”

“बाई, दिवसाला तुम्ही किती नंबर पंच करता?”

“होतात सातआठशे.”

“आणि त्यातला एक तुम्हाला श्रावणापासून पाठ आहे?”

त्या ओशाळल्या. पट्टीची घडी घातली, परत उलगडली. पण गेल्या नाहीत.

“तसं नाही, मॅडम. हा वाघोशीच्या नेत्रशिबिराचा नंबर आहे. डोळा धुवायच्या औषधाचा. उद्या आमच्या ह्यांचं ऑपरेशन तिथंच आहे, म्हणून जरा मनात आलं.”

तेव्हा कुठे मी मान वर केली. पण उठले नाही. टेबलावरचे दोन कागद उचलले आणि त्यांच्यासमोर धरले. माझ्या बारीक अक्षरात ते काठोकाठ भरलेले होते.

“हे बघा. यादीत असलेला नंबर या पद्धतीनं सापडल्याशिवाय राहूच शकत नाही, असं मी इथं सिद्ध केलंय. गणितानं. माणसाची आठवण चुकेल, हे चुकणार नाही.”

बाई त्या कागदांकडे आदराने बघत राहिल्या. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं, आणि ते कळत नाही हे मला आवडत होतं.

“म्हणजे औषध चांगलं आहे?”

“यादीत नाही ना? मग चांगलं.”

“बरं झालं तुम्ही सांगितलंत. उगाच पाल चुकचुकत होती मनात.” त्यांचा चेहरा उजळला. “मग उद्या माझी रजा आहे, मॅडम. पहाटेच्या एसटीनं जातो आम्ही.”

त्या गेल्या. माझ्या खोलीपासून पंचिंगची खोली सत्तावीस पावलांवर होती. मी पुढे एकदा मोजली.

ही गोष्ट १९७० सालची. पुण्याबाहेर एका संशोधन संस्थेत मी होते. संस्थेचं नाव सांगत नाही; तिथली बरीच माणसं अजून हयात आहेत. एक दालन भरून टाकणारं एकच मशीन होतं, आणि गारव्याची सोय फक्त त्याच्यासाठी होती, आम्ही माणसं घामाघूम व्हायचो. आमच्या गटाचे प्रमुख नाडगौडा सर. विषय असा, की मोठ्या यादीतली एखादी गोष्ट मशीनने कमीत कमी वेळा तपासून कशी शोधावी. आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा जगात या प्रश्नावर डोकं घालणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातलं एक बोट माझं, असा माझा समज होता. सांगलीहून गणितात पहिली येऊन मी तिथं गेले होते. वय पंचवीस, नाकावर राग, आणि गटात मी एकटी मुलगी.

संस्थेत बायका आणखीही होत्या, पण त्या पंचिंगच्या खोलीत. चौघी मुली आणि त्यांच्यावर तोडणकरबाई. आम्ही प्रोग्रॅम कागदावर लिहायचो, त्या तो कार्डांना भोकं पाडून मशीनला देण्याजोगा करायच्या. रुजू झाले त्याच महिन्यात बाहेरच्या एका प्राध्यापकाने माझ्या हातात कागद कोंबून “हे जरा लवकर पंच करून आणा” म्हटलं होतं. गटातली मुलं आठवडाभर हसत होती. त्या दिवशी मी ठरवलं, त्या खोलीची पायरी चढायची नाही. काम शिपायाबरोबर चिठ्ठीने पाठवायचं. हा माझा नियम मी दोन वर्षं पाळला होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

आमच्या शोधाशोधीला खरी यादी हवी म्हणून सरांनी औषधांच्या एका भांडाराची यादी मिळवली होती. तपासणीत नापास झालेल्या औषधांच्या बॅचचे नंबर, सहा-सहा आकडी. नापास होईपर्यंत बाटल्या गावोगावी पोचलेल्या असायच्या. म्हणून दवाखाने आणि शिबिरं आपल्याकडच्या बॅचचे नंबर रोज फोनवर कळवायची, बाई ते पंच करायच्या आणि मशीन उत्तर द्यायचं: यादीत आहे, वापरू नये, किंवा यादीत नाही. यादी दोन हजार कार्डांची. मशीनच्या दालनात एका लांब खणात ती उभी लावलेली असायची आणि तीन वर्षं एकट्या बाई तिची काळजी घेत होत्या.

त्यांची एक रीत होती. ज्या औषधाने माणूस दगावेल किंवा आंधळा होईल त्याच्या कार्डाची वरची कड त्या लाल पेन्सिलने रंगवायच्या आणि ते कार्ड सगळ्यांच्या पुढे ठेवायच्या. त्यामुळे खणाच्या तोंडाशी बोटभर लाल पट्टा दिसायचा. “बाईंनी गठ्ठ्याला कुंकू लावलंय,” असं मी एकदा म्हटलं, ते सगळ्यांना फार आवडलं. नाडगौडा सरसुद्धा हसले. असं का करता, हे मी बाईंना कधी विचारलं नाही.

त्यांच्या यजमानांना मी ओळखत होते, तेही लांबूनच. दत्ताराम तोडणकर, छापखान्यात खिळे जुळवायचे. डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला. उजव्यात मोतीबिंदू वाढत चाललेला. रोज साडेपाचला बाईंना न्यायला ते फाटकाशी यायचे. आधी सायकलवर, मग चालत, आणि त्या वर्षी कुंपणाच्या भिंतीला हात लावत लावत. छापखान्याच्या मालकाने त्यांना दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. “एक डोळा नीट झाला तरी पुरे,” असं बाई मुलींना सांगत होत्या, ते माझ्या कानावर आलं होतं. “त्या एका डोळ्यावर संसार आहे आमचा.”

तोवर मशीन यादी पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत एकेक करून तपासायचं. मी ते बदललं. टेलिफोनच्या पुस्तकात आपण नाव शोधतो, तसं. मधलं पान उघडायचं, नाव आधीचं की नंतरचं ते बघायचं, अर्धं पुस्तक सोडून द्यायचं. मग उरलेल्याचं मधलं पान. दोन हजार नंबरांत जास्तीत जास्त अकरा तपासण्या पुरतात. अट एकच. पुस्तक क्रमाने लागलेलं हवं.

पाहुणे यायच्या दोन आठवडे आधी, एका शनिवारी पंचिंगच्या मुली अर्ध्या दिवसाने घरी गेल्यावर मी खण बाहेर काढला. कार्डं लावायचं एक वेगळं यंत्र होतं, त्यावर सगळा गठ्ठा लहान नंबरापासून मोठ्यापर्यंत लावून घेतला. मग दोन हजारच्या दोन हजार नंबर मशीनला विचारले. एकही चुकला नाही. मी खण जागच्या जागी ठेवला आणि घरी जाताना गुणगुणत होते.

सोमवारपासून रोजची विचारणाही या नव्या पद्धतीने होऊ लागली. त्या दिवशी सरांनी विचारलं, “तोडणकरबाईंना सांगितलंस ना? गठ्ठा आता हलवायचा नाही. नवं कार्ड आलं तर त्याच्या जागेवरच घालायचं.”

“हो,” मी म्हणाले.

सांगितलं नव्हतं. पण त्याच दिवशी सांगणार होते, म्हणून ते खोटं आहे असं मला वाटलं नाही. चिठ्ठी लिहायला घेतली, मग वाटलं, हे चिठ्ठीत नीट कळणार नाही, समोर जाऊन समजवावं लागेल. समोर जायचं म्हणजे ती खोली. उद्या जाऊ म्हटलं. मंगळवारी सिद्धतेत एक बारीक भोक सापडलं आणि ते बुजवण्यात आठवडा गेला.

शुक्रवारी अकराला पाहुणे आले. तिघे. त्यातले वयस्कर सक्सेना साहेब, पांढऱ्या मिशांचे, बोलायला मोठे गोड. मशीन सुरू झालं. तीनशे नंबरांची उत्तरं आधी दहा मिनिटं घ्यायची, ती आता छापायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात बाहेर आली. सर कौतुकाने माझ्याकडे बघत होते. “ही सगळी पद्धत मिस बारटक्के यांची,” असं ते म्हणाले तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

“हे नंबर तुम्हीच निवडलेले,” सक्सेना साहेब हसत म्हणाले. “मी एक निवडू?”

यादीचा गठ्ठा मशीनने आधीच वाचून घेतला होता आणि तो तिथंच खणात परत लावून ठेवलेला होता. त्यांनी वाकून सगळ्यात पुढचं कार्ड काढलं.

“हे लाल का बरं?”

सरांनी कुंकवाचा विनोद हिंदीतून सांगितला. सगळे हसले. मीही हसले. कार्ड उजेडाकडे धरून मी भोकं वाचली आणि तो नंबर मशीनच्या टाइपरायटरवर टाइप केला.

यादीत नाही.

यादीतून काढलेलं कार्ड माझ्या हातात होतं, आणि मशीन म्हणत होतं, यादीत नाही. साहेबांनी दुसरं कार्ड दिलं. तेही लाल. यादीत नाही. मग तिसरं.

“पंचिंगमध्ये काहीतरी गोंधळ दिसतोय,” सर पटकन म्हणाले. “त्या बाई नेमक्या आज रजेवर आहेत. चला, चहा घेऊ या.”

“मशीनलाही रजा हवी असेल,” सक्सेना साहेब म्हणाले, आणि हसत सगळे बाहेर गेले.

मी खणापाशी उभी राहिले. बोटभर लाल पट्टा जिथल्या तिथं होता, खणाच्या तोंडाशी. मी शनिवारी दोन हजारांत विखरून टाकलेली लाल कार्डं सोमवारी कुणीतरी एकेक करून वेचली होती आणि परत पुढे आणून ठेवली होती. मागची सगळी यादी क्रमाने होती, म्हणून साधे नंबर बरोबर सापडत होते. सापडत नव्हते ते फक्त पुढचे. जी कार्डं सगळ्यांत जिवावरची, नेमकी तीच मशीनला दिसत नव्हती.

चार एक सात शून्य नऊ तीन.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. वाघोशीचं शिबिर दहाला सुरू झालं असणार.

आता मी काय केलं ते सांगते. मी फोनकडे गेले नाही. ट्रंक कॉल लावायचा तर संचालकांच्या खोलीत जायला हवं होतं, तिथं पाहुणे चहा पीत होते, आणि त्यांच्यासमोर सांगायला लागलं असतं की माझी पद्धत चुकते. पण ते सांगण्याआधी खात्री तर हवी, असं मी स्वतःला बजावलं. बाईंची आठवण चुकीची असू शकते. तो नंबर यादीत नसेलही. कशाच्या जोरावर शिबिर थांबवायला सांगायचं? मी दोन हजार कार्डांचा गठ्ठा उचलला, लावायच्या यंत्रावर नेला आणि पहिल्यापासून क्रमाने लावायला घेतला. सहा आकडे, म्हणजे सगळा गठ्ठा सहा वेळा यंत्रातून काढायचा. दोनदा कार्ड अडकलं. ते सोडवताना नखाखालून रक्त आलं. मी घाई करत होते, खरंच जिवाच्या आकांताने घाई करत होते.

बारा वाजता मी नंबर टाइप केला. ४१७०९३.

यादीत आहे. वापरू नये.

तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. प्रोग्रॅम बरोबर होता.

लाल कार्डं सदतीस होती. ती हातात घेऊन उजेडाकडे धरून वाचली असती तर दोन मिनिटं लागली असती. हे मला सुचलंच नाही. नंबर शोधायचा तर तो मशीनने, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी धावत गेले आणि सरांच्या कानात सांगितलं. त्यांनी पाहुण्यांची क्षमासुद्धा मागितली नाही, तडक फोन उचलला आणि अर्जंट कॉल लावला. शिबिर शाळेत होतं, शाळेत फोन नव्हता. तालुका कचेरी मिळाली. तिथून एक शिपाई सायकलवर निघाला. आम्ही दोघं फोनपाशी उभे होतो. सर एकदाच बोलले.

“बाईंना सांगितलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणाले.

निरोप पोचला तेव्हा एकला दहा कमी होते. औषधाचं आधीचं खोकं साडेअकराला संपलं होतं आणि मग ही बॅच उघडली होती. तेवढ्या वेळात नऊ माणसांचं ऑपरेशन झालं. नववे दत्ताराम तोडणकर. साडेबाराला त्यांना टेबलावर घेतलं होतं. मी अकरा वीसला फोन केला असता तर निरोप बाराच्या सुमारास पोचला असता आणि ते बाहेर बाकावर बसलेले असते.

बाकीच्या गावांचे दोन आठवड्यांतले सगळे नंबर आम्ही त्याच संध्याकाळी परत तपासले. आणखी चार निघाले. त्या बाटल्या अजून फोडल्या नव्हत्या.

मंगळवारी पट्ट्या सोडल्या. त्याआधीच ताप चढला होता, डोळ्यांतून पू येत होता. नवांपैकी दोघांची नजर थोडीफार वाचली. तोडणकर त्या दोघांत नव्हते.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली, संचालकांच्या खोलीत. समितीत तिघं. मी आणि सर एका बाजूला, बाई समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर. तीन आठवड्यांत त्या वाळून निम्म्या झाल्या होत्या.

“तुम्ही कार्डांची जागा बदललीत?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो, साहेब. सोमवारी आले तर कुणीतरी माझा गठ्ठा विस्कटून ठेवला होता. लाल कार्डं कुठंच्या कुठं गेली होती. म्हणून वेचून परत पुढे लावली.”

“पण पुढेच का?”

“कार्डं वाचताना मशीन मधेच अडकतं, साहेब. कधी कधी मागची शंभरदोनशे वाचायचीच राहतात. माणसं दगावतील ती कार्डं मागे राहून कसं चालेल? आणि पुढची असली की सापडतात पण लवकर. रोज विचारणा जास्त त्यांचीच असते.”

अध्यक्षांनी मान हलवली. लिहून घेतलं नाही. मग ते माझ्याकडे वळले.

“मिस बारटक्के, नव्या पद्धतीत गठ्ठा हलवायचा नाही, ही सूचना तुम्ही यांना दिली होती?”

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मला वाटलं, नाही म्हणावं. तो शब्द जिभेवर आलाही होता. मग मला माझी दोन पानं आठवली, सांगली आठवली, सरांनी परदेशात पाठवायला घेतलेला माझा निबंध आठवला.

“हो,” मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. एखादा आकडा नीट वाचता येत नसला की त्या कागद जवळ धरून बघायच्या, तसं त्यांनी मला बघितलं. बराच वेळ. मग अध्यक्षांकडे वळल्या.

“त्या म्हणतात म्हणजे सांगितलं असेल, साहेब. माझ्याच ध्यानात राहिलं नसेल.”

पंचिंग विभागाची हयगय, असा निष्कर्ष निघाला. बाईंना कमी केलं. माझा निबंध पुढच्या वर्षी छापून आला. शेवटी आभाराच्या चार ओळी होत्या, त्यात सरांचं नाव होतं, यंत्र पुरवणाऱ्यांचं होतं. सर माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी ‘मालिनी’ म्हणून हाक मारली नाही.

आठ वर्षं गेली. मी दुसऱ्या शहरात शिकवत होते. एक दिवस वाचनालयात परदेशातल्या एका नियतकालिकात एक लेख सापडला. यादी एका टोकापासून तपासायची असेल तर वारंवार विचारले जाणारे नंबर पुढे आणून ठेवावेत, त्याने शोध किती लवकर लागतो, हे त्यात गणिताने दाखवलं होतं. पानभर समीकरणं होती. मी तो लेख उभ्याउभ्याच वाचला, आणि मग खुर्चीवर बसले. बाईंनी हे लाल पेन्सिलीने केलं होतं.

पुढच्या रविवारी मी पुण्याला गेले. पत्ता संस्थेतल्या जुन्या शिपायाने दिला. नाना पेठेत दोन खोल्या. दार उघडंच होतं. जमिनीवर छापलेल्या कागदांचे ढीग होते आणि दोघं समोरासमोर बसून पुस्तकांच्या पानांच्या घड्या घालत होते. तोडणकरांचे हात भराभर चालले होते. डोळ्यांवर काळा चष्मा होता.

बाईंनी मला लगेच ओळखलं. केस पार पिकले होते.

“या मॅडम. आत या.”

मी उंबऱ्यातच उभी होते.

“कोण गं?” तोडणकरांनी विचारलं.

“संस्थेतल्या मॅडम.”

“त्या गणितवाल्या?” त्यांचा चेहरा खुलला. “बसा, बसा. ही फार सांगायची तुमच्याबद्दल. दोन पानांत मशीनला बांधून घातलं म्हणायची. अगं, चहा टाक.”

बाई आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले. स्टो पेटवत त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. आठ वर्षं मनात घोकलेली वाक्यं होती माझ्याजवळ.

“बाई, समितीपुढे मी जे म्हणाले...”

“मॅडम,” त्या वळल्या नाहीत, “मी तुमच्या दारात आले होते ना विचारायला? तेवढं मला पुरे आहे. यांच्यासमोर काही काढू नका.”

स्टोचा आवाज मोठा झाला. त्यांनी चहाची पूड मोजून टाकली.

बाहेर आलो तेव्हा तोडणकर उत्साहात होते. “अगं, यांना ते कार्ड दाखव ना. त्यांना कळेल माझी गंमत.”

“राहू दे आता. त्यांना जायचं असेल.”

“जातील गं. आण.”

बाई उठल्या. मग फळीवरचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून एक कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं आणि परत घड्या घालायला बसल्या. कार्डाचे कोपरे वापरून वापरून गोल झाले होते. वरच्या कडेचा रंग फिकटला होता, पण लाल होता.

“तीस वर्षं खिळे जुळवले, बोटांना सवय आहे,” तोडणकर म्हणाले. “डोळा गेल्यावर बसून बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा हिनं हे शिकवलं. भोक कितव्या ओळीत आहे ते चाचपायचं, तोच आकडा. महिना लागला मला. आता झरझर येतं. हे एकच कार्ड आहे हिच्याकडे. कसला नंबर म्हणून विचारलं, तर म्हणते, असाच एक.”

त्यांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि तर्जनी डावीकडून सरकवायला सुरुवात केली. बोट प्रत्येक भोकाशी थांबत होतं.

“चार,” ते म्हणाले. “एक. सात.”

बाई खाली मान घालून कागदावर अंगठ्याने घडी दाबत होत्या.

“शून्य. नऊ.” बोट शेवटच्या भोकावर आलं. “तीन.”

त्यांनी चष्म्याआडून माझ्या दिशेला तोंड केलं. हसू दाबता येत नव्हतं त्यांना.

“बघा, सापडला की नाही? बरोबर आहे ना, मॅडम?”

बाईंचा अंगठा कागदावर थांबला.

“हो,” मी म्हणाले.